नोट चीनमध्ये चालली, तबरीझमध्ये बुडाली, आणि दौलताबादेत पितळेची झाली: मध्ययुगीन आशियातल्या पैशाबद्दल

शाईदौत

नमस्कार मंडळी. मुहम्मद तुघलक म्हटलं की आपल्याला शाळेतल्या दोनच गोष्टी आठवतात, राजधानी दिल्लीहून दौलताबादला नेली आणि तांब्या-पितळेची नाणी काढली, आणि मग लगेच "तुघलकी कारभार". मला हे कधी पटलं नाही. कारण त्यानं १३२९-३० मध्ये जे केलं, म्हणजे स्वस्त वस्तूवर सरकारी शिक्का मारून ती महाग पैशाच्या भावानं चालवायची, ते चीनमध्ये त्याच्या आधी तीनशे वर्षांपासून चालत होतं, आणि तिथं धातूसुद्धा नव्हता, नुसता कागद होता.

सुरुवात सिचुआनपासून करते. ९६५ मध्ये सोंग घराण्यानं हा प्रांत जिंकला आणि तिथं लोखंडी नाणं सक्तीचं केलं, काशाचं नाणं सरहद्दीपलीकडे जाऊ नये म्हणून. आता लोखंड म्हणजे वजन बघा: दहा हजार छोटी नाणी ६५ जिन, आपल्या हिशेबात चाळीस किलोच्या आसपास. चहा आणि रेशमाचा एवढा मोठा व्यापार आणि पैसे न्यायचे गाडीवर घालून. त्यात ९९३ मध्ये वांग शाओबो आणि ली शुन यांचं बंड झालं, टांकसाळी बंद पडल्या, नाणंच मिळेना. मग चेंगदूच्या व्यापाऱ्यांनी लोकांचं लोखंड ठेवून घेऊन पावत्या द्यायला सुरुवात केली आणि त्या पावत्याच हातोहात फिरायला लागल्या, त्याच जिआओझी. झांग योंग नावाच्या अधिकाऱ्यानं हा धंदा सोळा श्रीमंत घराण्यांकडे सोपवला. या घराण्यांनी लोकांचे पैसे घरंदारं जमिनींत अडकवले, लोक पावत्या घेऊन आले तेव्हा द्यायला नाणी नव्हती, मारामाऱ्या, कोर्टकचेऱ्या. शेवटी १०२३ मध्ये सरकारनं स्वतःचं कार्यालय उघडलं आणि १०२४ पासून सरकारी नोटा निघाल्या.

यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे मुदत. नोट दोन वर्षांची. मुदत संपली की कार्यालयात आणायची, दर हजार नाण्यांमागे तीस नाणी फी भरायची आणि नवीन घेऊन जायची. म्हणजे छापलेली प्रत्येक नोट दोन वर्षांनी सरकारच्या टेबलावर येणारच. माझं म्हणणं असं आहे की नोट चालते ती परत येण्याची वाट बांधलेली असते म्हणून, शिक्क्यामुळे किंवा फाशीच्या धाकामुळे नाही. जिथं ही वाट तुटली तिथं नोट बुडाली, चीनमध्येसुद्धा.

बाकीच्यांनी भर घालावी. टांकसाळ, तुमची विशेष वाट बघतेय.

कापूसकोंड्या

वाचनखूण साठवली. एक बेसिक प्रश्न, लोखंडाच्या जागी नुसती काशाची नाणी जास्त पाडली असती तर? एवढं मोठं साम्राज्य आणि धातू पुरत नाही हे कसं काय?

शाईदौत

@कापूसकोंड्या, पाडत होतेच की. १०८० च्या सुमाराला वर्षाला पन्नास लाखांच्या वर माळा पडत होत्या, एका माळेत हजार नाणी. त्याआधी आणि नंतरही बराच काळ एवढी नाणी कुठल्याच राज्यानं पाडलेली नाहीत. तांबं मिळवायला त्यांनी एक भारी पद्धत वापरली होती, खाणीतून येणारं मोरचुदाचं निळं पाणी साठवायचं, त्यात लोखंडाचे पत्रे बुडवून ठेवायचे, लोखंडावर तांबं चढतं, ते खरवडून काढायचं. हे कारखान्याच्या प्रमाणावर. तरी पुरत नव्हतं, कारण चिनी नाणं बाहेर जायचं, जपानला, कोरियाला, आग्नेय आशियात. आपल्याकडे तंजावर भागातसुद्धा चिनी नाण्यांचे साठे जमिनीत सापडलेत. कोरियाच्या किनाऱ्याजवळ शिनानला १३२३ मध्ये बुडालेलं एक जहाज सापडलं, चीनहून जपानला निघालेलं, त्यात अठ्ठावीस टन नाणी होती. अठ्ठावीस टन! एका जहाजात! बंदी घालूनही थांबत नव्हतं.

हिशेबनीस

उत्तम विषय. आयुष्य आकडे जुळवण्यात गेलं त्यामुळे आकड्यांवरून बोलतो.

सिचुआनच्या सरकारी नोटांचा पहिला हिशेब आपल्याला माहीत आहे. एका फेरीला, म्हणजे दोन वर्षांच्या एका मुदतीला, जास्तीत जास्त १२,५६,३४० माळांच्या नोटा आणि मागे तिजोरीत ३,६०,००० माळा लोखंडी नाणी. भागाकार करा, अठ्ठावीस-एकोणतीस टक्के येतात. म्हणजे पहिल्याच दिवसापासून त्यांनी गृहीत धरलं होतं की सगळे एकदम येणार नाहीत. हे कोणा अर्थतज्ज्ञानं त्यांना शिकवलं नव्हतं, सोळा घराण्यांचं दिवाळं बघून शिकले. एक हजार वर्षांपूर्वी कागदोपत्री मर्यादा घालून घेतलेलं हे सरकार मला फार मोठं वाटतं.

आता बिघडलं कधी? लढाई आली तेव्हा. वायव्येला शीशिया राज्याशी लढाया सुरू झाल्या, सैन्याला पैसा हवा, मग एकाच्या जागी दोन फेऱ्यांच्या नोटा एकाच वेळी बाजारात, मग मर्यादेच्या कितीतरी पट छपाई. ११०७ मध्ये नाव बदलून छियानयिन केलं आणि मागे राखीव नाणीच ठेवली नाहीत. नाव बदलून कर्ज फिटत नाही.

दुसरं, शाईदौत ताईंनी परत येण्याची वाट म्हटलं ते बरोबर, पण ती वाट फक्त नोटा बदलण्याच्या खिडकीतून जात नाही. मीठ आणि चहा विसरू नका. मीठ विकायचा हक्क सरकारचा होता. व्यापारी सरहद्दीवरच्या छावणीला धान्य पोचवायचा, त्याला मिठाचं पत्रक मिळायचं, ते दाखवून तो सरकारी मीठ उचलायचा. हे पत्रकही हातोहात विकलं जायचं. मीठ तर प्रत्येकालाच लागतं, गरीब असो की मांडलिक राजा. त्यामुळे मिठाला जोडलेला कागद लोखंडाला जोडलेल्या कागदापेक्षाही पक्का. पुढे चीन जिंकणाऱ्या मंगोल कुबलाई खानानं नेमकं हेच हेरलं, सरकारी मिठाचे पैसे त्याच्या नोटांत भरता यायचे आणि मीठ हे युआन, म्हणजे त्याच्या घराण्याच्या, सरकारच्या उत्पन्नाचं सगळ्यात मोठं साधन होतं.

टांकसाळ

आलो आलो. धागा मस्त आहे पण मुख्य मुद्द्याशी असहमत.

तुघलकनं नाणी परत घेतली नव्हती का? घेतली की! त्या काळचा इतिहासकार बरनी स्पष्ट लिहितो की लोक महसूल याच तांब्याच्या टंक्यांत, म्हणजे तुघलकच्या या नाण्यांत, भरत होते. आणि योजना फसल्यावर सुलतानानं जाहीर केलं की ज्यांच्याकडे असतील त्यांनी खजिन्यात आणा आणि सोनं-चांदी घेऊन जा. लोक आले, तुघलकाबादेत त्या नाण्यांचे डोंगर झाले असं बरनी म्हणतो. सरकार परत घेत होतं, सोन्याच्या भावानं घेत होतं, तरी बुडालं. मग तुमची परतीची वाट कुठं गेली?

माझ्या मते कारण सोपं आहे, नक्कल. मी या मालिकेतली नाणी हाताळली आहेत. पितळेचं नाणं, दोन्ही बाजूंना मजकूर, ठसा सुबक आहे, पण शेवटी ठसाच. गावातला कुठलाही सोनार किंवा तांबट असा ठसा कोरू शकतो, आणि धातू घरातल्या हंड्या-कळशीत आहे. बरनी तर म्हणतो घरोघरी टांकसाळी झाल्या, त्यातून खोत-मुकादम गबर झाले, घोडे आणि हत्यारं विकत घ्यायला लागले. जिथं सुलतानाचा धाक पोचत नव्हता तिथं हे टंके तांब्याच्या भावानं जायचे आणि सोन्याच्या एका टंक्याला शंभर तांब्याचे टंके पडायला लागले. चीनला जमलं कारण तिथला कागद आणि छपाई गावात बसून करता येत नव्हती. सगळा खेळ तंत्राचा आहे.

आणि एक गोष्ट सगळ्यांनी डोक्यातून काढा, कातडी नाणी. तुघलकनं चामड्याची नाणी काढली असं सर्रास ऐकू येतं. त्याची जी नाणी आज आपल्यासमोर आहेत ती तांबं आणि पितळ आहेत. दौलताबादच्या टांकसाळीचीही आहेत, त्यावर "तख्तगाह दौलताबाद" असं लिहिलेलं असतं.

शाईदौत

टांकसाळ, याच प्रतिसादाची वाट बघत होते :)

पण बघा, तुघलकनं परत घेतली ती एकदाच, शेवटी, सगळं हाताबाहेर गेल्यावर. मी ज्या वाटेबद्दल बोलतेय ती रोजची असते. सिचुआनमध्ये दोन वर्षांनी नोट टेबलावर आली की कारकून ती तपासायचा. खरी असेल तर नवीन, खोटी असेल तर धरला. म्हणजे मुदत ही दोन कामं करते, बाजारातला जास्तीचा कागद ओढून घेते आणि खोटा चाळून काढते. तुघलकच्या नाण्याला ना मुदत ना चाळणी, महसुलात आलेलं खोटं नाणं खजिन्यात खऱ्याच्या शेजारी जाऊन पडलं. त्यामुळे नक्कल झाली म्हणून बुडालं हे मान्य, पण नक्कल चीनमध्येही प्रचंड होत होती, तिथं ती पचवायची व्यवस्था होती.

नकलेवरून एक प्रसंग सांगितल्याशिवाय राहवत नाही. दक्षिण सोंग काळात ११६० पासून हांगझोऊला हुईझी नावाची नोट सुरू झाली. ११८२ मध्ये झू शी, हो तोच, ज्याच्या कन्फ्यूशियन भाष्यांवर पुढे सहाशे वर्षं चीनच्या सरकारी परीक्षा चालल्या, तो अधिकारी म्हणून फिरत असताना ताइझोऊच्या तांग झोंगयो या जिल्हाधिकाऱ्याविरुद्ध बादशहाकडे एकामागून एक तक्रारी पाठवतो. त्यातली एक तक्रार अशी की या साहेबानं ज्यांग हुई नावाच्या ठसे कोरणाऱ्या कैद्याला स्वतःच्या वाड्यात कोंडून त्याच्याकडून खोट्या नोटा छापून घेतल्या. ज्यांग हुई आधी नोटांच्या नकलेबद्दलच शिक्षा झालेला. ताइझोऊला आल्यावर याच माणसाच्या हातून तांगनं श्युनझीसारखे प्राचीन ग्रंथ छापायला ठसे कोरून घेतले होते, आणि मग पेअरच्या लाकडावर नोटेचा ठसा. जबानीत अडीच हजारांच्या वर नोटा छापल्याचं आहे. एकाच हातानं धर्मग्रंथही कोरला आणि खोटी नोटही.

म्हणजे "गावात बसून करता येत नव्हतं" हे तितकंसं खरं नाही. लाकूड, चाकू आणि एक कसबी माणूस, बास.

टांकसाळ

ज्यांग हुईचा किस्सा जबरदस्त आहे. पण तो माझ्याच बाजूनं जातो असं मी म्हणेन. चांगला कोरणारा माणूस शोधायला जिल्हाधिकाऱ्याला तुरुंगात हात घालावा लागला. तुघलकच्या राज्यात तसा माणूस प्रत्येक पेठेत होता. नक्कल सगळीकडे होते, किती हातांना करता येते हा प्रश्न आहे. यावर मी ठाम आहे.

उंबरठा

दोघंही फार छान लिहिताय. मला यात श्रद्धेचा भाग सुटतोय असं वाटतं म्हणून लिहिते, जरा लांबेल.

नोट छापायचं तंत्र आलं कुठून? बौद्ध धर्मातून. ठशानं छापलेला, तारीख असलेला सगळ्यात जुना पूर्ण ग्रंथ म्हणजे दुनहुआंगला सापडलेलं वज्रच्छेदिका सूत्र, ८६८ सालचं, आणि त्यावर लिहिलंय की वांग ज्ये यानं आईवडिलांच्या पुण्यासाठी हे छापून सगळ्यांना मोफत वाटलं. त्याच्याही शंभर वर्षं आधी जपानच्या शोतोकू सम्राज्ञीनं धारणी मंत्र छापून छोट्या लाकडी स्तूपांत घालून दहा लाखांच्या संख्येत देवळांना वाटले. म्हणजे एकसारख्या प्रती काढायच्या, पुष्कळ काढायच्या, ही हौस मुळात पुण्याची आहे. पुण्य मोजून साठवता येतं ही कल्पना आधी रुजली, मग पैसा कागदावर मोजणं फारसं परकं वाटलं नसेल. मठांची स्वतःची सावकारीही होती, "अक्षय कोश" नावानं, दान आलेला पैसा व्याजानं द्यायचा आणि व्याजातून धर्मकार्य. तारण ठेवून पैसे देण्याचा धंदा चीनमध्ये मठांनी वाढवला.

आणि सरकारनं तर कमालच केली. भिक्षू व्हायचं तर सरकारी दाखला लागायचा. दाखला मिळाला की वेठबिगार माफ. त्यामुळे त्याला किंमत होती. सोंग सरकारनं अकराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून हे दाखले सरळ विकायला काढले, नाव न भरलेले कोरे. लोक ते घेऊन ठेवायचे, पुढे चढ्या भावात विकायचे, अगदी नोटेसारखे. कवी सू शी हांगझोऊला अधिकारी होता, १०९० मध्ये पश्चिम सरोवराचा गाळ काढायला त्यानं दरबाराकडे पैशाऐवजी असे दाखलेच मागितले. आज जे पर्यटक त्या सरोवरात नौकाविहार करतात त्याच्या तळाशी भिक्षूंच्या दाखल्यांचा पैसा आहे. मला हे कळलं तेव्हा श्रद्धा, सरकार आणि बाजार हे तीन वेगळे खण आहेत असं मानणंच मी सोडून दिलं.

अवांतर: मेलेल्यांसाठी कागदी पैसे जाळायची चिनी प्रथा खऱ्या नोटेपेक्षा जुनी आहे. पितरांच्या जगात कागद आधी चालला, इथं नंतर.

कापूसकोंड्या

उंबरठा ताई _/\_ हा प्रतिसाद स्वतंत्र धागा व्हायला हवा.

शीर्षकातलं तबरीझ राहिलं की! इराणमध्ये काय झालं ते कुणीतरी इस्कटून सांगा.

शाईदौत

सांगते. आधी कुबलाईचं दोन ओळींत, कारण तबरीझचं मूळ तिथं आहे. कुबलाईनं १२६० मध्ये झोंगतोंग चाओ काढली, तुतीच्या सालीचा कागद, मागे चांदी, आणि सगळ्या साम्राज्यात एकच नोट. मार्को पोलो लिहितो की हिंदुस्थानातून सोनं-चांदी-रत्नं घेऊन येणाऱ्या व्यापाऱ्यांना ती बादशहालाच विकावी लागत, बारा जाणकार माणसं किंमत ठरवत आणि पैसे कागदात मिळत, आणि व्यापारी खुशीनं घेत, कारण त्या कागदावर तिथं काहीही विकत मिळायचं. नंतर मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूताही लिहितो की चीनच्या बाजारात चांदीचं नाणं घेऊन गेलात तर कुणी बघतही नाही, आधी कागद करून आणा म्हणतात. हा बतूता दिल्लीला तुघलकच्या पदरी होता, दौलताबादही पाहून गेला होता.

आता इराण. तिथं कुबलाईच्याच भावाच्या वंशजांचं राज्य. १२९४ मध्ये गैखातू हा इलखान, म्हणजे तिथला मंगोल राजा, होता. जनावरं साथीनं मेलेली, तिजोरी रिकामी, इलखानाचा हात सढळ. वजीर सद्रुद्दीन झंजानीनं चिनी उपाय सुचवला आणि दरबारात बोलाद चिंगसांग होता, चीनमध्ये कुबलाईच्या सरकारात मोठ्या पदांवर काम केलेला मंगोल, त्यानं रीत समजावून दिली. नोटा छापल्या. त्यावर चिनी अक्षरं, वर इस्लामचा कलमा, आणि गैखातूचं बौद्ध नाव इरिंजिन दोर्जी, असं सगळं एका कागदावर. न घेणाऱ्याला मृत्युदंड. तबरीझचा बाजार थोड्याच दिवसांत ओस पडला, दुकानदारांनी माल लपवला, लोक शहर सोडून निघाले, शुक्रवारच्या मशिदीत आरडाओरडा झाला. दोनेक महिन्यांत नोट मागे घ्यावी लागली. पुढच्याच वर्षी गैखातू मारला गेला.

कागद तोच, छपाई तीच, शिकवणारा माणूस थेट पेकिंगहून आलेला. तरी दोन महिने. यावर टांकसाळ तुम्ही काय म्हणाल? तबरीझमध्ये नक्कल करायलाही कुणी थांबलं नाही.

टांकसाळ

तबरीझबाबत तंत्राचा मुद्दा लागू नाही, हे खरंय. तिथं मागे द्यायला काही नव्हतंच. पण त्यातून दौलताबादचं कारण बदलत नाही.

हिशेबनीस

बदलत नाही कसं? तिजोरी भरलेली असताना काढलेली नोट आणि तिजोरी रिकामी म्हणून काढलेली नोट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बाजाराला हे लगेच कळतं. कुबलाईनंसुद्धा पुढे दक्षिण चीन आणि जपानवरच्या मोहिमांना पैसा लागला तेव्हा मर्यादा सोडली आणि १२८७ मध्ये नवीन नोट काढून जुन्या पाचांना नवी एक असा भाव ठरवला. उत्तरेतल्या जिन राज्याचं तर याच्याही आधीचं उदाहरण आहे, त्यांनी नोटेला सात वर्षांची मुदत ठेवली होती, ११८९ मध्ये ती मुदतच काढून टाकली, पुढे मंगोलांशी लढाई आली आणि कागदाचा ढीग झाला. ताईंचा मुदतीचा मुद्दा इथं बसतो, दक्षिण सोंगनंही १२४७ मध्ये दोन फेऱ्यांच्या हुईझींना कायमचं करून टाकलं, मुदत गेली, आणि तीस-बत्तीस वर्षांत राज्यच गेलं. राज्य नोटेमुळे गेलं असं मी म्हणणार नाही, मंगोल दारात होते. पण सैनिकाला पगार ज्या कागदात मिळतो त्याचे तांदूळ येत नसतील तर तो किती लढणार?

युआनचा शेवटही असाच. १३५० मध्ये मंत्री तोग्तोनं मागे काही न ठेवता नवीन नोटा काढल्या, १३५१ मध्ये पीत नदीचं पात्र वळवायला दीड लाख मजूर कामाला लावले, मजुरी त्याच कागदात. त्याच वर्षी त्याच भागात लाल फेट्यांचं बंड पेटलं.

लाटांवर

बरेच दिवस नुसती वाचते, आज लिहायलाच हवं कारण मी सध्या हनोईत असते आणि व्हिएतनामचं कुणी बोलत नाहीये. १३९६ मध्ये इथं हो क्वी ली या मंत्र्यानं कागदी नोटा काढल्या. त्याच्या नोटा अक्षरं न वाचणाऱ्याला पण कळाव्यात अशा होत्या, प्रत्येक किमतीवर वेगळं चित्र. सगळ्यात छोट्या नोटेवर पाणवनस्पती, मग लाटा, मग ढग, मग कासव, मग किलिन हा पुराणातला प्राणी, मग फिनिक्स, आणि सगळ्यात मोठीवर ड्रॅगन. पाण्यापासून आकाशातल्या देवप्राण्यापर्यंत चढत गेलेली श्रेणी आहे, उंबरठा ताईंचा श्रद्धेचा मुद्दा इथं अगदी चित्रात दिसतो.

पण सोबत सक्ती काय होती बघा. तांब्याची सगळी नाणी सरकारजमा करायची, एका माळेला कागदाची एक माळ आणि वर दोन दशांश जास्त. खाजगी नाणं जवळ सापडलं तर नोटा खोट्या करणाऱ्याइतकीच शिक्षा. लोकांच्या हातातलं नाणं काढून घेतलं आणि परतीचं दार ठेवलंच नाही. १४०० मध्ये तो स्वतः गादीवर बसला, १४०७ मध्ये चीनच्या मिंग घराण्याच्या सैन्यानं राज्य घेतलं तेव्हा त्याच्या बाजूनं उभं राहायला प्रजा फारशी उत्सुक नव्हती. त्याचे जमीनसुधारणेचे, शिक्षणाचे विचार खरंच काळाच्या पुढचे होते. तुघलकची आठवण इथं वारंवार येते मला.

उंबरठा

@लाटांवर, किती सुंदर माहिती! लिहित राहा.

श्रद्धेवरून तुघलकच्या नाण्यावरच्या मजकुराकडे लक्ष वेधते. त्याच्या पितळी टंक्यावर लिहिलंय, "जो सुलतानाची आज्ञा पाळतो तो दयाळू ईश्वराची आज्ञा पाळतो". चांदीच्या नाण्यावर असं काही पटवून द्यायची गरज नसते. पितळेला चांदी म्हणा हे सांगायला ईश्वराला मध्ये घ्यावं लागलं. चीनच्या नोटेवर काय असतं? खोटी करणाऱ्याचा शिरच्छेद आणि कळवणाऱ्याला बक्षीस. १३७५ च्या मिंग नोटेवर तर बक्षिसाचा आकडा छापलाय, अडीचशे ल्यांग (हे चिनी वजन) चांदी आणि वर गुन्हेगाराची मालमत्ता. एका ठिकाणी पाप-पुण्य, दुसऱ्या ठिकाणी शिक्षा-बक्षीस.

शाईदौत

आणि त्या मिंग नोटेवर बक्षीस चांदीत देऊ म्हणतात, नोटेत नाही! ज्या नोटेवर छापलंय त्या नोटेवर सरकारचाच किती विश्वास ते तिथंच कळतं. पंधराव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती नोट कुणी विचारेना आणि चीन चांदीकडे गेला तो गेलाच.

कापूसकोंड्या

शेवटचा प्रश्न, मग तुघलकनं सरळ कागदच का नाही वापरला? चीनच्या नोटांचं ऐकून असेलच ना, आणि दौलताबादजवळ तर कागजीपुरा आहे, मी खुलताबादला जाताना पाहिलंय, हातकागद करतात तिथं.

टांकसाळ

कागजीपुऱ्याचे कारागीर परंपरेनं हेच सांगतात की त्यांचे पूर्वज तुघलकच्या वेळी दिल्लीकडून आले. म्हणजे कागद होता, दफ्तरं कागदावर चालत होती. नव्हती ती छपाई. दिल्लीच्या सुलतानीत कागदावर ठशानं छापायचा धंदाच नव्हता, सगळं हातानं लिहायचं. लाखो नोटा हातानं लिहिणार कोण? आणि हस्ताक्षराची नक्कल तर कुठलाही मुन्शी करेल. धातूवर ठसा मारणारे हात मात्र टांकसाळीत हजर होते, मग जे हातात होतं ते वापरलं. त्यानं मूर्खपणानं पितळ निवडलं नाही, त्याच्याकडे दुसरा रस्ता नव्हता. आणि चांदी तेव्हा खरोखर कमी पडत होती, त्याआधी त्यानं चांदीच्या टंक्याऐवजी हलकं अदली नाणं काढून बघितलं होतं. पायरी पायरीनं तो तिथं आला.

हिशेबनीस

याला मी जोड देतो. छपाई नव्हती हे एक, आणि मीठ नव्हतं हे दुसरं. रोज लागणारी अशी एकही वस्तू त्याच्या हातात नव्हती की जी त्याच्या टंक्याशिवाय मिळणार नाही. महसूल होता, पण तो वर्षातून सुगीला एक-दोनदा, आणि मधल्या काळात गावोगाव ठसे पडत होते. चेंगदूला दोन वर्षांनी एकदा चाळणी लागायची पण मीठ-चहाच्या दुकानात रोज नोट जात होती.

शाईदौत

काका, हे मला फार पटलं. टांकसाळ, तुमच्या त्या दौलताबादी टंक्यांतल्या सरकारी आणि नकली नाण्यांचे फोटो शेजारी शेजारी टाकाल का? ठशात कुठं फरक दिसतो ते बघायचंय, अक्षरांच्या वळणात की वजनात.

टांकसाळ

टाकतो. वजनात फरक कमी असतो, अक्षरांत जास्त. नकली नाण्यात तारखेचे शब्द बऱ्याचदा अर्धवट कोरलेले असतात, कोरणाऱ्याला फारसी वाचता येत नव्हती, त्यानं आकार तेवढा उतरवला. रविवारी उजेडात फोटो काढून इथंच लावतो.